हलती चित्रे आणि दाबलेली अक्षरे

महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर सूचनांच्या यादीत एखाद्या ओळीच्या शेवटी 'न्यू' असे लुकलुकणारे लाल-पिवळे चित्र दिसते. ते कोणी आणून बसवले हे सहसा कुणाला ठाऊक नसते, आणि ज्या सूचनेपुढे ते लुकलुकते ती सूचना पुष्कळदा दोन वर्षांपूर्वीची असते. साहित्यचर्चेच्या या जागेवर त्या चित्राबद्दल लिहिणे काही वाचकांना विषयांतर वाटेल. आमचे मत वेगळे आहे. हलते चित्र कोणत्या रूपात साठवायचे आणि साठवताना त्यातले काय टाकून द्यायचे, हा प्रश्न आपण मराठीच्या अध्यापकांनी संगणक विभागाच्या गळ्यात घातला आहे. तरीही तो निर्णय रोज आपणच घेत असतो. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या ओळी समईच्या हलत्या ज्योतीशेजारी बसवून आपण विद्यार्थ्यांच्या गटावर पाठवतो, दिवाळीला पुस्तकाची पाने उलटणारे शुभेच्छापत्र पाठवतो, आणि त्या प्रवासात अक्षरांचे काय झाले याची चौकशी करीत नाही. ती चौकशी येथे करायची आहे.

यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला दाबणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. शेतातून आलेला कापूस जिनात जातो, सरकी वेगळी होते, रुई उरते. ती रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. आपल्याकडे एक गाठ १७० किलोची धरतात. गाठ सोडली की रुई पुन्हा फुगते; तिच्यातले काही गेलेले नसते. सरकी मात्र रुईला परत चिकटवता येत नाही. फाइल लहान करण्याच्या दोन रीती अगदी अशाच आहेत. एकीला 'लॉसलेस' म्हणतात, ती प्रेसिंगसारखी. दुसरी 'लॉसी', ती जिनिंगसारखी. हा दाब कशासाठी, याचेही उत्तर जिल्ह्यातच सापडते. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही 'शकुंतला' नावाने ओळखली जाणारी अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी घातली गेली ती प्रामुख्याने इथला कापूस बाहेर नेण्यासाठी. आता ती बंद आहे. वाट अरुंद आणि माल फुगीर, तेव्हा दाबल्यावाचून गत्यंतर नसते. (सरकी टाकाऊ असते असे मात्र कोणी समजू नये. तिचे तेल निघते, ढेप जनावरांपुढे जाते. काय राखायचे आणि काय काढून टाकायचे हे माल घेणाऱ्याच्या गरजेवर ठरते, आणि या लेखातला वाद सगळा तिथेच आहे.)

लुकलुकणाऱ्या त्या चित्राची जात 'जिफ'. स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीसाठी १९८७ साली हे रूप तयार केले. शब्दाचा उच्चार 'गिफ' की 'जिफ' यावर इंग्रजी जगात बरीच वर्षे भांडण चालले. २०१३ मध्ये एका पुरस्काराच्या निमित्ताने खुद्द विल्हाइट यांनी 'जिफ' असा निर्वाळा दिला, तरी ते मिटले नाही. विल्हाइट २०२२ मध्ये वारले. देवनागरीत हा वाद चालूच शकत नाही. लिहिताक्षणीच 'ग' की 'ज' ते ठरवावे लागते. आम्ही कर्त्याचा शब्द मानला आहे.

जिफची मर्यादा एका आकड्यात सांगता येते: एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग. चित्राबरोबर रंगांची एक पेटी जाते आणि प्रत्येक बिंदूपाशी केवळ पेटीतल्या खणाचा क्रमांक लिहिलेला असतो. ४०० बिंदू रुंद आणि ३०० बिंदू उंच असे चित्र घेतले तर बिंदू झाले १,२०,०००. प्रत्येकाचा रंग पूर्णपणे लिहायचा तर तीन बाइट लागतात. खणाचा क्रमांक लिहायला एक बाइट पुरतो. अशा वीस चौकटींचे हलते चित्र करायचे म्हटले तर ७२ लाख बाइटांच्या जागी २४ लाख. हेही त्या काळी फारच होते. सेकंदाला २४०० बिट नेणाऱ्या मोडेमवर एवढा ऐवज पोचायला सव्वादोन तासांच्या आसपास लागले असते. म्हणून दाबणे आले.

जिफमधल्या दाबण्याच्या रीतीला एलझेडडब्ल्यू म्हणतात: लेम्पेल आणि झिव्ह या दोघांनी १९७८ मध्ये मांडलेल्या कल्पनेला वेल्च यांनी १९८४ मध्ये दिलेले रूप. साहित्याच्या माणसाला ती समजायला कठीण नाही, कारण आपला जुना पत्रव्यवहार याच तत्त्वावर चालत असे. 'सा. न. वि. वि.' ही चार अक्षरे म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. 'ती.', 'चि. सौ. कां.', 'रा. रा.' हे सगळे वारंवार येणाऱ्या मजकुराचे संकेत, आणि ते उलगडताना एक अक्षरही गमावले जात नाही. फरक इतकाच की पत्रातल्या संकेतांची यादी लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला आधीपासून पाठ असते. एलझेडडब्ल्यू ती यादी लिहितालिहिता तयार करते. त्यासाठी प्रबंधाची उपमा अधिक जवळची ठरेल. प्रबंधकार पहिल्यांदा 'अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ' असे पूर्ण लिहितो आणि पुढे नुसते 'महामंडळ' म्हणतो. वाचकाजवळ वेगळी यादी नसते. वाचतावाचता ती त्याच्या मनात आपोआप बनत जाते. संगणकही तसेच करतो. यादी पाठवावीच लागत नाही.

येथे देवनागरीच्या वाट्याला एक लहानसा योगायोग आला आहे. जिफ चित्र आडव्या ओळींनी वाचले जाते, डावीकडून उजवीकडे. आडव्या ओळीत एकच रंग लांबवर पसरला असेल तर तेवढा भाग थोडक्या संकेतांत मावतो. म्हणजे शिरोरेषा या यंत्राला मोठी सोयीची. उलट समईच्या ज्योतीभोवतीचा हळूहळू विरत जाणारा पिवळा उजेड त्याला अजिबात मानवत नाही. २५६ रंगांत तो बसत नाही म्हणून एक तर त्याचे पट्टे पडतात, नाहीतर दोन रंगांचे ठिपके कालवून तिसऱ्याचा भास करावा लागतो. वृत्तपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरल्यावर दिसतात तसले ते ठिपके. त्यांनी पुनरुक्ती मोडते, आणि पुनरुक्ती मोडली की फाइल फुगते. जिफने अक्षरे आणि रेघा ठेवाव्यात, उजेड ठेवू नये, असे म्हणता येईल. आपण मात्र तिला समई दाखवायला लावतो.

लॉसी रीतीबद्दल बोलण्यापूर्वी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. काही गमावून लिहिण्याची परंपरा मराठीला नवी नाही. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही, शब्दांमध्ये जागा सोडली जात नाही, विरामचिन्हे नसतात. हात न उचलता भरभर लिहिता यावे यासाठी लिपीने जाणूनबुजून सोसलेला हा तोटा होता. कारकुनाला तो जाणवत नसे. गाव, माणसे, महसुलाचे प्रकरण त्याला ठाऊक असल्यामुळे गाळलेले तो मनातल्या मनात भरून घेई. पोथीसाठी मात्र बाळबोधच वापरली जात असे, कारण पोथीचा वाचक कोण असेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसे. एकाच भाषेने दोन कामांसाठी दोन रूपे ठेवली होती, आणि कोणते कुठे वापरायचे याबद्दल कुणाचा गोंधळ नव्हता.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९६२ साली महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक नियमांना शासनाची मान्यता मिळाली आणि पुढे १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वी 'नांव' म्हणजे माणसाचे आणि 'नाव' म्हणजे पाण्यातली, असा डोळ्यांना दिसणारा भेद होता, तो गेला. 'पांच'मधल्या टिंबात 'पञ्च'ची आठवण होती, तीही गेली. त्याबद्दल हळहळणारे आजही भेटतात. आम्हांला ती सुधारणा योग्य वाटते. 'नावाडी नाव वल्हवतो' या वाक्यात कोणी माणसाचे नाव वाचीत नाही. संदर्भ तोटा भरून काढतो. पण तो तोटा विचार करून, चर्चा होऊन, कशाच्या बदल्यात काय जाते हे माहीत असताना पत्करलेला होता.

जेपेग या रूपात आज जे होते त्याला असा विचार नाही. १९९२ च्या सुमारास प्रमाणित झालेले हे रूप छायाचित्रांसाठी घडवलेले आहे. ते चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातला रंगांचा सावकाश चढउतार सांभाळते आणि बारीक, तीव्र फरक गाळते; माणसाचा डोळा छायाचित्रातला बारीक फरक फारसा टिपत नाही, हे त्यामागचे गृहीत. चेहरा, डोंगर, आभाळ यांच्याबाबतीत ते खरे आहे. पण देवनागरीचा सारा अर्थ बारीक, तीव्र फरकांतच तर असतो! अनुस्वार म्हणजे फोनच्या पडद्यावर दोन-तीन बिंदूंचा ऐवज. चिता आणि चिंता यांत तेवढेच अंतर. शिर आणि शीर यांतल्या वेलांट्या, 'ध' आणि 'घ' यांतली वरची गाठ, 'थ' आणि 'य'... यादी वाचकांनी स्वतः वाढवावी.

त्यात रंगाची आणखी एक गोम आहे. उजेड-अंधाराचा भेद डोळ्याला नेमका कळतो, रंगाचा तेवढा नेमका कळत नाही, म्हणून जेपेगच्या नेहमीच्या मांडणीत आणि बहुतेक सर्व व्हिडिओंत रंगाची माहिती अर्ध्या लांबीरुंदीत, म्हणजे एकचतुर्थांश बिंदूंपुरतीच ठेवली जाते. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर फारसे बिघडत नाही. पण आपल्या शुभेच्छांचा आवडता वेष कोणता? पिवळ्यावर लाल किंवा केशरी, हळदीवर कुंकू. नेमके तेच अक्षर सर्वांत आधी विसविशीत होते, कडा पसरतात, टिंब शिरोरेषेत विरघळते. मग ते चित्र एका गटातून दुसऱ्या गटात जाते, कोणी त्याचा पडदाचित्र काढून पुढे पाठवतो, कोणी कोपऱ्यात आपले नाव घालतो, आणि बऱ्याच वेळा ते पुन्हा दाबले जाते. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. निमंत्रणावरून उठलेल्या वादामुळे ते गाजले हे सर्वांना आठवत असेलच. त्या दिवसांत आमच्या फोनवर आलेली वाक्ये, निवेदने, कवितांच्या ओळी यांतला मोठा भाग चित्रांच्या रूपात होता. ती चित्रे अजून आहेत. त्यांतले एखादे वाक्य शोधायचे असेल तर शब्द टाकून काही मिळत नाही. डोळ्यांनी एकेक चित्र पाहत बसावे लागते, आणि काहींत जोडाक्षर कोणते यावर आमच्यातच एकमत होत नाही. इतक्या अलीकडच्या मजकुराचे पाठनिर्णय करण्याची वेळ येईल असे आम्हांला वाटले नव्हते.

आता हालचालीकडे येऊ. मराठी माणसाला हलत्या चित्रातली मेहनत नवी नाही. दादासाहेब फाळके चित्रपटात येण्यापूर्वी छपाईचे आणि ब्लॉक करण्याचे काम जाणत होते. वर ज्या ठिपक्यांचा उल्लेख आला त्यांच्याशी त्यांचा धंद्याचा संबंध होता. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला. त्याआधी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपीत वाढताना दाखवले. १९१५ च्या 'अगकाड्यांची मौज' या लघुपटात आगकाड्या हलवून खेळ उभा केला. तो लघुपट आज उपलब्ध नाही. फाळक्यांच्या काळची फिल्म नायट्रेटची, आगीला आणि काळाला सारखीच लवकर बळी पडणारी. आशय कितीही मोलाचा असो, ज्या वस्तूवर तो उतरवला तिच्या गुणदोषांवर त्याचे आयुष्य ठरते. आमच्या विषयाशी या दोन कृतींचा आणखी एक संबंध आहे. वाटाण्याच्या रोपात दोन चौकटींमध्ये फार थोडे बदलते: कुंडी तीच, भिंत तीच, एक कोंब जरासा वर. आजची हलत्या चित्रांची रूपे याच गोष्टीचा फायदा घेतात.

जिफमध्ये पुढची चौकट पूर्ण लिहावी लागत नाही. जेथे बदल झाला तेवढाच आयत लिहिता येतो, बाकीचे मागच्या चौकटीतले तसेच राहते. पण एखादी वस्तू 'सरकली' हे जिफला कळत नाही. ती जुन्या जागी पुसली आणि नव्या जागी काढली, एवढेच तिला सांगता येते. व्हिडिओची रूपे, उदाहरणार्थ २००३ मध्ये प्रमाणित झालेले एच.२६४, 'हा तुकडा इतका डावीकडे गेला' असे लिहू शकतात. वाऱ्यावर डोलणारे कपाशीचे शेत जिफमध्ये घातले तर प्रत्येक बोंड प्रत्येक चौकटीत नव्याने लिहावे लागेल. तेच व्हिडिओत कितीतरी लहान होईल. म्हणूनच २०१४ पासून ट्विटरसारख्या मोठ्या संकेतस्थळांनी वाचकाने चढवलेली जिफ आतल्या आत व्हिडिओत बदलायला सुरुवात केली. पडद्यावर 'जिफ' अशी पाटी असते, आत ती नसते. फोनवरची संदेश ॲपेही हेच करतात. नाचणाऱ्या मांजराच्या बाबतीत हा सौदा उत्तम आहे आणि आम्ही त्याच्या आड येऊ इच्छीत नाही.

मधल्या काळात दुसरी रूपेही आली. युनिसिस कंपनीने १९९४ च्या अखेरीस एलझेडडब्ल्यूच्या पेटंटपोटी शुल्काची मागणी पुढे केली, त्याचा राग येऊन लोकांनी पीएनजी हे खुले रूप घडवले. १९९६ मध्ये ते मान्य झाले. त्यात रंगांची कमतरता नाही, काही गमावले जात नाही, पण ते हलत नव्हते. त्याला हलते करणारे एपीएनजी मोझिलाच्या मंडळींनी २००४ मध्ये सुचवले, पीएनजीच्या मूळ गटाने २००७ मध्ये नाकारले, फायरफॉक्सने २००८ मध्ये तरीही स्वीकारले, क्रोमने २०१७ मध्ये. आणि २०२५ च्या जूनमध्ये पीएनजीच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला रीतसर जागा मिळाली. एकवीस वर्षे! आपल्याकडच्या कोशमंडळांना हसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. गूगलचे वेबपी २०१० चे, ते दोन्ही रीतींनी दाबू शकते. एव्हीआयएफ २०१९ चे, व्हिडिओच्या तंत्रावर उभे, छायाचित्रासाठी फार काटकसरी. एपीएनजीचा एक गुण आम्हांला विशेष आवडतो. ज्या यंत्राला ते कळत नाही तेथेही पहिली चौकट साध्या पीएनजी चित्रासारखी दिसते, वाचकाच्या हाती काहीतरी लागतेच.

एवढा प्रपंच केल्यावर आमचा आक्षेप नेमका कुठे आहे ते सांगतो. कविता हलत्या चित्रात घालू नये.

अक्षरे फिसकटतात हे त्याचे एक कारण झाले, पण उद्या रूपे सुधारली, वाट रुंद झाली, तरी आमचा आक्षेप उरेल. हलत्या चित्रात प्रत्येक चौकट किती वेळ थांबेल हे करणारा ठरवतो. जिफमध्ये तो वेळ सेकंदाच्या शतांशात लिहिलेला असतो. म्हणजे ओळ दोन सेकंद दिसेल की तीन, हे वाचकाच्या हाती नाही. कवितेच्या वाचनात थांबणे, मागे जाणे, एका शब्दापाशी अडणे हेच तर वाचन. यती कवी सुचवतो, तो किती लांबवायचा ते वाचणारा ठरवतो. ओव्या म्हणणारी बाई जात्याच्या फेऱ्याशी शब्द जुळवीत असे, पण जाते तिच्या हातात होते. हलत्या चित्रात जाते दुसऱ्याच्या हातात असते, आणि ते थांबवायला खुंटा नसतो. १९९५ च्या सुमारास नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीने जिफला पुन्हापुन्हा फिरण्याची सोय दिली, त्यात फेऱ्यांच्या जागी शून्य लिहिले की ते चित्र कायम फिरत राहते. जवळजवळ सगळेच शून्य लिहितात. विनोदाला, चेहऱ्यावरच्या एका भावाला हे फिरणे शोभते. पाळण्याच्या ध्रुवपदासारखे त्याचे एक सौंदर्य आहे आणि तरुण विद्यार्थी त्याचा वापर फार चलाखीने करतात. शेवटच्या ओळीनंतर जी शांतता अपेक्षित आहे तिच्या जागी पहिली ओळ पुन्हा येऊन आदळणे कवितेला मात्र शोभत नाही.

शिवाय चित्रातल्या अक्षरांना संगणक अक्षरे समजत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी पडदा वाचून दाखवणाऱ्या ज्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतो त्याला तेथे केवळ 'चित्र' एवढेच दिसते. वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत पाच सेकंदांहून अधिक आपोआप हलणारा मजकूर थांबवता आला पाहिजे असे कलम आहे. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारे काही असू नये असेही आहे, कारण अपस्मार असणाऱ्यांना त्यातून झटका येऊ शकतो. या कलमांसमोर ते लाल-पिवळे 'न्यू' कसे टिकते हे आपापल्या महाविद्यालयात तपासून पाहावे. प्रवेशाची शेवटची तारीख चित्रात आणि सजावट अक्षरांत, अशी उलटी व्यवस्था आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे.

यावर आमच्याच काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की विद्यार्थी अक्षरे वाचीत नाहीत, हलते काही असले तर निदान थांबतात. ही अडचण खोटी नाही. दारव्हा, पुसद, झरी-जामणीकडच्या खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती फोन आहे आणि त्यावर दिवसभरात शेकडो हलती चित्रे येतात. त्यांत आपली टाचणे कोण उघडणार? पण थांबणे आणि वाचणे यांत आपण शिक्षकांनी गल्लत करू नये. त्याच फोनवर साध्या युनिकोड अक्षरांत पाठवलेली वीस ओळींची कविता दोन-तीन किलोबाइटांत मावते, क्षेत्र कमकुवत असलेल्या गावातही सहसा खोळंबत नाही, हवी तेवढी मोठी करून वाचता येते आणि तीन वर्षांनी शोधली तरी सापडते. कवीचे नाव तिच्या खालून कापले जाण्याची शक्यताही कमी.

हलत्या चित्राचे खरे काम आपल्या विभागांत आहे, ते आपण करीत नाही. मोडीची अक्षरे २०१४ पासून युनिकोडमध्ये आहेत. म्हणजे अक्षराचा आकार आता संगणकाला ठाऊक आहे. तो आकार हाताने कसा होतो हे मात्र त्यात नाही. तक्त्यावरचे मोडी अक्षर पाहून विद्यार्थी त्याची नक्कल करतो, पण लेखणी कुठे टेकली, कुठून वळली, पुढच्या अक्षराकडे न उचलता कशी गेली हे स्थिर तक्ता सांगू शकत नाही. मोडी वाचायला अवघड जाते त्याचे निम्मे कारण हेच, असा आमचा वर्गातला अनुभव आहे. ज्याला लेखणीची वाट कळते त्याला फिसकटलेले अक्षरही ओळखू येते. आणि हे काम जिफच्या अंगाला अगदी बसते. काळी शाई, पांढरा कागद, कडांसाठी दोन करड्या छटा: चार रंग पुरतात. मोडीत शिरोरेषा आधी ओढतात आणि मग तिला अक्षरे लटकवतात, बाळबोधीसारखी मागून नाही. त्यामुळे पहिल्या चौकटीत रेघ, तीही यंत्राला सोयीची आडवी, आणि पुढच्या प्रत्येक चौकटीत शाईचा थोडासा वाढलेला भाग, एवढेच लिहावे लागते. आम्ही ३०० बाय ३०० बिंदूंची तीसेक चौकटींची अशी काही अक्षरे करून पाहिली. एकेक फाइल पन्नास किलोबाइटांच्या आत राहिली आणि एकही कड फिसकटली नाही. येथे वेळ लेखणीचा आहे, वाचकाचा नाही, म्हणून तो चित्राने ठरवण्यात काही वावगे नाही. तरीही शेवटची चौकट आम्ही तीन सेकंद थांबवतो आणि फेऱ्यांच्या जागी शून्याऐवजी तीन लिहितो.

जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे घेणाऱ्या मंडळींना यातच एक विनंती करावीशी वाटते. मोडी कागदाने लिहितानाच एकदा तोटा सोसलेला आहे. त्याची प्रत जेपेगमध्ये ठेवून दुसरा तोटा त्यावर चढवू नये. मूळ प्रत लॉसलेस असावी, मग वाटण्यासाठी हवी तेवढी दाबावी. गाठ पुन्हा सोडता येते, जिनातून गेलेला कापूस परत बोंडात जात नाही.

आमच्या अक्षरांपुरती एक व्यावहारिक सूचना. संदेश ॲपच्या नेहमीच्या चित्रमार्गाने ही फाइल पाठवली तर तिचा व्हिडिओ होतो, बारीक रेघ मऊ पडते आणि फेऱ्यांची संख्याही जुमानली जात नाही. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडली तर जशीच्या तशी पोचते. विद्यार्थ्यांना हे एकदा सांगावे लागते, दुसऱ्यांदा सहसा लागत नाही. स्वर आणि 'क'पासून 'न'पर्यंतची व्यंजने झाली आहेत. जोडाक्षरे आणि 'र'ची निरनिराळी रूपे व्हायची आहेत, आणि त्यांसाठी बोरूने मोडी लिहिणारा हात आम्ही शोधत आहोत.